द्वारके, राख लिंबाला चालत नाही

परवा तुझ्या मिलिंदनं ठरवलं की तुझी राख नदीत सोडायची नाही. "आईला झाडांची आवड. अंगणात कागदी लिंबाचं रोप लावू आणि खड्ड्यात आईची राख घालू," म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खड्डा खणून तयार, रोप पिशवीतनं काढून तयार, बुद्धवंदना झालेली, माणसं हात जोडून उभी. लेक मडकं घेऊन वाकला आणि मी ओरडले, "थांब रं! राख लिंबाला चालत न्हाय!"

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तुझ्या सुनेला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "धनगराची म्हातारी हाय ती, आजून शिवाशिव धरत आसंल." झालं! माझं टाळकं सरकलं. "शिवाशिव न्हाय रं मुडद्यांनो, खार! राखंत खार आसतो. मुळी जाळून टाकंल ती. तुमच्या आईनं जन्मभर पाण्यातला खार मारला, आन तुमी तिच्याच नावानं खार घालाया निघालाव व्हय?"

मयताच्या घरी 'मुडद्यांनो' म्हणले आणि मग जीभ चावली. तू असतीस तर पदर तोंडात धरून खुदुखुदु हसली असतीस.

मग मीच पदर खोचला. सुनेला चिंच भिजवायला लावली. शेजारच्या बंगल्यातनं जास्वंदीची दोन फुलं आणली, मागून आणली बरं का, या वयात चोरी झेपत नाही. मडक्यातनं दोनच चिमटी राख घेतली आणि बादलीभर पाण्यात कालवली. चिंचेचा कोळ थोडा थोडा घालत गेले आणि फूल चोळलेला कागद बुडवून बघत गेले. हिरवा, मग निळसर, मग जांभळा. जांभळा झाल्यावर म्हणले, "घाला आता." पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. मला मात्र तूच दिसत होतीस, लुगड्याचा काष्टा मारून पिंपापाशी वाकलेली.

पोरांनी विचारलं, हे कुठं शिकलात मावशी? मी नुसतं तुझ्या फोटोकडं बोट केलं. बाकीचं त्या वेळी सांगितलं नाही. ते तुला सांगायचं राहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघी एकाच कामावर खडी फोडत होतो, पण एकमेकींशी बोललेलो नाही. तू बौद्धवाड्यातली, मी मेंढराच्या वाड्यावरची. तुझ्या हातोड्याचा आवाज मला ओळखू यायचा, नाव माहीत नव्हतं. पुढं सात-आठ वर्षांनी पावसानं परत दडी मारली, तेव्हा गावातल्या बायकांची रोपवाटिकेची सोसायटी निघाली. नळदुर्गाच्या रस्त्याला पडीक जमीन मिळाली, एक विहीर मिळाली, आणि कागदी लिंबाची रोपं तयार करून द्यायचं काम मिळालं. सरकारी शेतीखात्याचे साहेब जीपमधनं उतरून म्हणाले होते, "उन्हाळा संपायच्या आत रोपं धडधाकट दिसली तर जमीन आणि पंप सोसायटीकडं राहील. नाहीतर बंद. मग बायांनी परत खडीच्या कामावर जायचं."

खडीच्या कामावर जायचं म्हणजे काय, ते आपल्या हाताचे घट्टे सांगत होते. तुला चेअरमन केलं, कारण तुला सही येत होती आणि तू कुणाला भीत नव्हतीस. मला तुझा राग यायचा. खरं सांगते, पहिला महिनाभर मी माझी घागर तुझ्या घागरीपासनं हातभर लांब ठेवायचे. तू बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. एक दिवस मात्र म्हणालीस, "कांते, आजून थोडी लांब ठिव, हिरीत पडंल." सगळ्या बायका हसल्या. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी घागर तुझ्या घागरीला टेकवून ठेवली. त्याबद्दल तुला कधी 'चुकलं' म्हणले नाही. तूही म्हणायला लावलं नाहीस.

फाल्गुनात विहिरीचा तळ दिसायला लागला तसं पाणी जड झालं. तुरीची डाळ शिजता शिजेना, साबणाला फेस येईना. पिशव्यांतल्या मातीवर पांढरा थर धरला. मग रोपं पिवळी पडायला लागली. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं खत घाला. शेणखत घातलं, तरी पिवळीच. सोसायटीतल्या सीताबाईनं लिंबू उतरवून टाकलं, लिंबाच्या रोपावरनं लिंबू! तू हसून हसून खाली बसलीस.

मग तू मातीवरचा पांढरा थर बोटावर घेऊन जिभेला लावलास आणि थुंकलीस. "ह्ये पाणी खारं न्हाय गं, पर चुन्यावानी हाय," म्हणालीस. तुझा बाप सोलापुरात चादरीचं सूत रंगवायच्या कारखान्यात भट्टीवर होता. तू लहानपणी त्याला भाकरी घेऊन जायचीस. तिथला मेस्त्री रंग टाकायच्या आधी पाण्यात कागदाची पट्टी बुडवायचा, पट्टीचा रंग बघायचा आणि मगच पाणी भट्टीत घ्यायचा. पाणी चुनखडीचं असलं तर त्यात आंबट काहीतरी घालायचा. नाहीतर सूत डागाळायचं. हे सगळं तुला पाठ होतं. पट्टी मात्र नव्हती.

"जास्वंदीचं फूल चोळलं की कागूद जांबळा व्हतो. त्यो चालंल," म्हणालीस.

जास्वंद दुष्काळात कुठनं आणायची? आख्ख्या गावात एकच झाड जिवंत होतं, पोष्टमास्तरांच्या दारात, त्यांच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलेलं. मास्तर रोज फुलं मोजून गणपतीला वाहायचे. तू सरळ जाऊन फूल मागितलंस. ते म्हणाले, "देवाची फुलं आहेत बाई." तू म्हणालीस, "देवाला रोज देता, एक दिवस रोपाला द्या. रोप जगलं तर देवाला लिंबाचं सरबत पाजू." मास्तरांना हसू आवरेना. त्या दिवसापासनं दोन फुलं देवाला आणि बाकीची सोसायटीला, असं ठरलं. मास्तरीणबाई आतनं ओरडायच्या, "आज रोपांचा नैवेद्य घेऊन जा गं!"

पहिला कागद विहिरीच्या पाण्यात बुडवला आणि तो हिरवट झाला, म्हणजे पाण्यात चुना. तू टाळी वाजवलीस. रोपं मरायला लागलीत आणि ही बया टाळ्या वाजवते, म्हणून मी चिडले. तू म्हणालीस, "आगं, रोग घावला! आता औषिध घावंल." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या बाईच्या मागनं जावं.

औषध मी आणलं. हे तू चाळीस वर्षं कबूल केलं नाहीस, पण आज तू बोलू शकत नाहीस तर मी सांगणारच. आंबट कुठनं आणायचं म्हणून तू कपाळाला हात लावून बसली होतीस. ताक प्यायला नव्हतं, रोपाला कुठलं! मी म्हणले, "हरभऱ्याची आंब." आमच्यात मेंढराचं पोट फुगलं की आंब पाजतात. पहाटे हरभऱ्याच्या पाल्यावर दव पडतं, त्यात पाल्याचा खार उतरतो. त्याला आम्ही खारच म्हणतो, पण तो आंबट असतो, दात आंबून जातात. धोतराचं पांढरं फडकं पाल्यावरनं ओढत न्यायचं आणि पिळायचं.

उशिरा पेरलेला आणि विहिरीवर जगलेला हरभऱ्याचा एकच तुकडा शिवारात हिरवा होता. तिथं आपण दोघी तांबडं फुटायच्या आधी गेलो. फडक्याचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. पाय खाजून खाजून लाल झाले. दोन पहाटा राबलो तेव्हा कुठं तांब्याभर आंब निघाली. तू फडक्याचं टोक जिभेला लावलंस आणि डोळे मिटून घेतलेस. मग तेच टोक माझ्या पुढं धरलंस. मी पण चाखलं. घागर हातभर लांब ठेवणारी मी, तुझ्या तोंडचं फडकं चाखलं आणि आपण दोघी तोंड वाकडं करून वेड्यासारख्या हसलो. धाब्याकडं जाणारा एक ट्रकवाला गाडी हळू करून बघत राहिला.

चार रोपांना आंब घातलेलं पाणी दिलं. पहिल्याच वेळी जास्त घातलं आणि एक रोप करपलं. मग तू कागद बुडवत बुडवत माप बसवलंस. आठ-दहा दिवसांत तीन रोपांना वरचं नवं पान आलं ते हिरवंगार! त्या पानाला तू बोट लावू देईनास.

पण आंब चार रोपांना पुरते, हजारोंना कुठनं पुरणार? तू म्हणालीस चिंच. चिंचेला दुष्काळ नव्हता, शिवारातली झाडं लगडलेली होती. बायकांनी फोडली, भिजवली, कोळ काढून गाळला. पिंपाला दीड तांब्या कोळ घालायचा, कागद जांभळा होईपर्यंत ढवळायचं, मगच रोपाला. पाण्यात कोळ पडला की बारीक फेस यायचा, सोडावॉटरसारखा, आणि सीताबाई म्हणायची, "बघा बघा, खार मराया लागला!"

तेव्हापासनं आपलं भांडण. तू म्हणायचीस, चिंचेनं सोसायटी वाचली. मी म्हणायचे, आंबेनं. "आंबेनं तीन रोपं वाचली, कांते. सोसायटी चिंचेनं." "आगं पर आंब न्हाई दावली तर चिंच सुचली आसती का तुला?" दर संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन हेच. गेल्या संक्रांतीला दवाखान्यातनं फोनवर सुद्धा, नाकाला नळी लावलेली असताना, "चिंच" म्हणालीस आणि फोन ठेवलास. शेवटचा शब्द तुझाच राहिला. मला ते अजून पटलेलं नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

साहेब यायला महिना राहिला होता. रोपं सुधारत होती. प्रत्येकीकडं चार वाफे होते आणि पाणी मोजून दोन घागरी वाफ्याला. माझी रोपं मला तहानलेली दिसायची. आणि मनात एक हावही होती, साहेब आल्यावर पहिलं कौतुक माझ्या वाफ्याचं व्हावं, तुझ्या नाही. दुष्काळात पाण्याचा थेंब कुणी टाकत नसतो. मी घरी राखेनं भांडी घासायचे, त्याचं धुवण खापरात साठवायचे आणि कुणी नसताना माझ्या वाफ्यांना घालायचे. आमच्याकडं भाजीच्या वेलाला असंच घालत आले होते सगळे. मला काय ठाऊक, राखेचं पाणी म्हणजे तुझ्या चिंचेच्या गळ्यावर सुरी!

दोन आठवड्यांत माझे चारी वाफे पिवळे पडले. बाकीचे हिरवे आणि माझेच पिवळे. बायका घाबरल्या. आज कांताचे, उद्या आमचे. तू तीन दिवस वेड्यासारखी पिंपात कागद बुडवत होतीस. पाणी बरोबर, कोळ बरोबर, कागद जांभळा. तू जेवायला सुद्धा घरी जाईनास.

तिसऱ्या दिवशी मी घरी भांडी घासत होते. तुझ्याकडनं आणलेला एक कागद कमरेला खोचलेला होता. सहज म्हणून धुवणात बुडवला. कागद पोपटासारखा हिरवा झाला. माझ्या हातातली कढई खाली पडली.

संध्याकाळी बैठक होती. मी सांगायचं ठरवून आले होते, खरंच ठरवून आले होते. पण बायका पेटलेल्या. "चिंचेच्या नादी लावलं आमाला!" "चेअरमन बदला!" एक तर म्हणाली, "हिच्या हाताचंच पाणी लागलं रोपांना." तसलं बोलणारी एक दिवस मी पण होते. आणि तरी मी खाली बघून बसले. खडीचं काम डोळ्यांपुढं आलं, बायकांच्या शिव्या डोळ्यांपुढं आल्या.

तू उभी राहिलीस. म्हणालीस, "चूक माजी हाय. माप चुकलं. आता चुकायचं न्हाय. पंदरा दिस द्या, न्हाय जमलं तर म्या सवता खडी फोडाया जाते, चेअरमनकी कुणाला बी द्या. पर एक ध्येनात ठिवा. उद्यापासनं घरनं तांब्याभर बी पाणी आणायचं न्हाय. पिंपातलंच द्यायचं."

माप चुकलं! तुझं माप कधी चुकलं गं? भाकरीत मीठ घालताना सुद्धा कधी चुकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासनं तू माझ्या वाफ्यांवर माझ्यासोबत वाकलीस. पिशवीतली वरची पांढरी माती खरवडून काढली, नवी घातली, आंबट पाणी हळूहळू देऊन खालनं निथळू दिलं. तुझ्या वाट्याची एक घागर माझ्या रोपांना दिलीस. मी म्हणले, "तुज्या रोपांचं काय?" तू म्हणालीस, "ती शाणी हायती, दम काढतील." मी माती खरवडत राहिले आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. तेही खारंच, म्हणून पदरानं पुसत होते, रोपावर पडू देत नव्हते.

बाराव्या दिवशी माझ्या पहिल्या वाफ्यात हिरवं पान आलं. तू ते सगळ्यात आधी पाहिलंस. पिंपावरचं ताट घेऊन चमच्यानं बडवत आख्ख्या रोपवाटिकेत पळालीस, चेअरमन असून! बायका कामं टाकून धावल्या. शिव्या देणारीच सगळ्यात पुढं होती.

आणि साहेब आले तो दिवस! जीप थांबली, साहेब उतरले, आणि बांधावरच उभे राहिले. नजर जाईल तिथवर हिरवं. म्हणाले, "इतर ठिकाणची रोपं पिवळी आहेत. तुम्ही कोणतं औषध वापरलं?" तू म्हणालीस, "चिंच." साहेबांना वाटलं, बाई थट्टा करते. त्यांनी कोळाच्या भांड्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड असं काही झालं की एकवीस बायका एकदम फुटल्या. साहेब पण हसले. मग त्यांनी तुझ्याकडनं कागद मागून घेतला, स्वतः पिंपात बुडवला, जांभळा झालेला बघितला, आणि तो ओला कागद वहीत नीट ठेवला. जाताना म्हणाले, "जमीन तुमची, पंप तुमचा. पुढच्या वर्षी दुप्पट रोपं करा." तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "दुप्पट करतो. पर हिरीत बोर मारून द्या." जिंकल्यावर सुद्धा मागणं सोडलं नाहीस, धन्य आहे बाई तुझी!

रोपं न्यायला ट्रक आला तेव्हा आपण सगळ्या ट्रकावर चढलो. नळदुर्गापर्यंत जायचंच म्हणून हट्ट धरला. ड्रायव्हर म्हणाला, "रोपं नेऊ का बाया नेऊ?" आपण म्हणलो, "दोन्ही!" उन्हात, हजारो हिरव्या रोपांच्या मध्ये बसून, मोठ्यानं गाणी म्हणत आपण हमरस्त्यानं निघालो. धाब्यावरची माणसं उभी राहून बघत होती. खडी फोडताना याच रस्त्यानं ट्रक आपल्या तोंडावर धूळ उडवत जायचे. त्या दिवशी आपण वर होतो.

गाण्याच्या गलबल्यात तू माझ्या कानाशी वाकलीस. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "कांते, हितनं पुढं भांडी मातीनं घासत जा." आणि लगेच परत गाण्यात सूर मिळवलास.

तुला माहीत होतं. बैठकीत उभी राहिलीस तेव्हाही माहीत होतं. माझ्या नखातली राख तुला कधी दिसली, कोण जाणे. तू मला सोसायटीपुढं उघडी पाडू शकत होतीस, आणि तुझ्या हाताच्या पाण्याला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं एका वाक्यात बंद करू शकत होतीस. ते केलं नाहीस. आधी रोपं जगवलीस, मग माझ्या कानात सांगितलंस, ते सुद्धा हसत.

मी ट्रकावर 'व्हय' म्हणायला पाहिजे होतं. म्हणले नाही. नंतर मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, तुझ्या शेजारी खुर्चीवर बसले, तुझ्या लेकाच्या लग्नात मिरवले, आणि म्हणले नाही. दर वर्षी वाटायचं, पुढच्या संक्रांतीला सांगू. आता तू मातीत गेलीस, रोप लावून झालं, माणसं पांगली, आणि मी एकटी त्या आळ्यापाशी खुर्ची टाकून बसलेय.

व्हय द्वारके, ते धुवण माझं होतं. माप तुझं कधीच चुकलं नव्हतं. हे मी आज मिलिंदला सांगितलं, सुनेला सांगितलं, आणि उद्या हयात असलेल्या सगळ्या बायकांना बोलावून सांगणार आहे. लढाई आपण सगळ्यांनी जिंकली, पण चूक माझी होती आणि जीत तुझी. एवढं ऐक, आणि मग जा.